बदल टाका

मला कंटाळा आलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण यंदा मी काम सोडतेय असं कळल्यापासून जो भेटतो तो "कंटाळलीस वाटतं" म्हणतो. कंटाळलेला माणूस दुसरं काहीतरी करायला बघतो. मला दुसरंही काही करायचं नाहीये. मी दमलेय. सकाळी चहा घेऊन ओटीवर बसावं, समोरच्या सुपारीवर कावळे भांडतात ते बघावेत आणि कुणी "एकच मिनिट, जरा हे बघता का" म्हणू नये, एवढंच मागणं आहे. तेही पुरं होत नाही. परवाच कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने फाटकातून हाक मारली, "काकू, ते तुमचं सॉफ्टवेअर परत कायतरी विचारतंय!"

म्हणे तुमचं सॉफ्टवेअर. ते कुणाचंच नाही, हीच तर त्याची गंमत. कॉम्प्युटरवर पत्रं, अर्ज, पुस्तकं लिहायचा तो एक प्रोग्रॅम आहे. फुकट मिळतो. त्याच्या पोटात काय आहे ते कुणीही उघडून बघावं, त्यात दुरुस्ती करावी. याला ओपन सोर्स म्हणतात. गावजेवणासारखं समजा. चूल सगळ्यांची, लाकडं ज्याने त्याने आपापली आणायची, वाढायलाही गावातलेच. फक्त भांड्यात काय पडणार ते ठरवायला चारपाच जण पळी धरून उभे असतात आणि ते वेगवेगळ्या देशांत राहतात.

मी कोड लिहिणारी नव्हे. नवी मुंबईत एका कंपनीत मी कॉम्प्युटरच्या पडद्यांची रचना करायचे. कुठलं बटण कुठे, त्यावर काय लिहायचं, माणूस चुकला तर त्याला काय सांगायचं, असलं काम. मग नोकरी सोडून अलिबागला आले. माहेर इथून जवळच्या थळचं, त्यामुळे आले कसली, परतलेच. इथे घरी बसून या प्रकल्पासाठी तेच काम करत राहिले, आणि त्यातच केस पांढरे झाले.

या कामाला भारदस्त नाव आहे, डिझाइन थिंकिंग. त्यावर शिबिरं होतात, भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवतात, फोटो काढतात, टाळ्या वाजवून जेवायला जातात. मीही अशी शिबिरं घेतली आहेत. त्यातल्या एकाही चिठ्ठीचं पुढे काही झाल्याचं मला आठवत नाही. चिठ्ठ्या बाजूला केल्या की खाली उरतं ते साधं आहे. ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याच्या शेजारी जाऊन बसा. तो काय करतो ते बघा. मधे बोलू नका. त्याचं नेमकं कुठे अडतंय ते सरळ वाक्यात लिहा, कागदावर दोनचार उपाय रेखाटा, त्याला दाखवा. त्याच्या कपाळाला आठी पडली तर कागद फाडा आणि परत काढा. एवढंच. यातलं मधे न बोलणं सगळ्यात अवघड आहे आणि माझ्यासारख्या बाईला तर फारच.

ओपन सोर्समध्ये शेजारी जाऊन बसायला कुणाला सवड नसते. प्रोग्रॅम लिहिणारे स्वतः तो वापरतात, त्यामुळे आपल्याला समजलं म्हणजे जगाला समजलं असं त्यांना मनापासून वाटतं. तक्रार करायची तर इंग्रजीत, एका ठरावीक साइटवर, आधी खातं उघडून. आमच्या इथला माणूस तिकडे कशाला फिरकतोय? तो मॉनिटरला एक टपली मारतो, शिवी घालतो आणि रिकामा होतो. म्हणून मीच हिंडू लागले. जिथे कुठे आमचा प्रोग्रॅम आहे असं कळेल तिथे स्टूल ओढून बसायचं.

काय काय बघितलं म्हणून सांगू! मुरुडच्या बाजूला कोळंबीच्या एका व्यापाऱ्याकडे कारकून होता. त्याला रोज गिऱ्हाइकांना भावाचा कागद पीडीएफ करून पाठवायचा असे. आमच्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी 'पीडीएफ म्हणून निर्यात करा' असं लिहिलेलं. हा पठ्ठ्या कागद छापायचा, मोबाइलने त्याचा फोटो काढायचा आणि तो फोटो पाठवायचा. मी म्हटलं, अहो, हे बटण आहे ना, ते का नाही दाबत? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी त्याला चोरी करायला शिकवतेय. "मॅडम, आमच्याकडं एक्सपोर्टचं लायसन न्हाय. आमचा माल लोकललाच जातो." तिथे मी हसले नाही. आमच्या धंद्यात समोरच्याला हसायची बंदी आहे. घरी येऊन ओट्यापाशी उभी राहून पोट दुखेपर्यंत हसले.

आणि आमच्या थळचे एक निवृत्त मास्तर. ते मृत्युपत्र लिहीत होते आणि त्यांना 'रद्द करा' या बटणाची धास्ती होती. चुकून हात लागला आणि मृत्युपत्रच रद्द झालं तर? त्यामुळे काम झालं की ते सरळ वायर उपटायचे. मी म्हटलं, मास्तर, वायर उपटल्यावर लिहिलेलं राहतं का? "नाही राहत," ते शांतपणे म्हणाले, "पण निदान रद्द तरी होत नाही." यावर काय बोलणार, कपाळ!

म्हणजे आमच्या प्रोग्रॅमला मराठी येत होतं, पण ते कुणाच्याच घरात बोललं जात नव्हतं. हे मी बैठकीत सांगायचे, लोक माना डोलवायचे, आणि पुढचा विषय यायचा. सुनंदाताई भेटल्या नसत्या तर मीही कदाचित तशीच मान डोलवत राहिले असते.

सुनंदाताई कोर्टाच्या बाहेर टायपिंगचं टेबल लावतात. वर पत्रा, पश्चिमेच्या अंगाला ताडपत्री, कीबोर्डवर प्लास्टिकचं आवरण, कारण खाऱ्या हवेत कशाला काय होईल सांगता येत नाही. आधी टाइपरायटर होता, नंतर कॉम्प्युटर आला. त्यांचं काम असं: वकील हाताने लिहिलेला मसुदा आणून देतात, ताई टाइप करतात, फाइलला नाव देऊन ती मशीनमध्ये ठेवतात आणि छापतात, वकील त्यावर लाल पेनाने खुणा करतात आणि जाताना ओरडून सांगतात, "ताई, एवढे बदल टाका, मी संध्याकाळी येतो." मग ताई बदल टाकतात, फाइल बंद करतात, दुसरं काम घेतात. संध्याकाळी वकील आले की फाइल उघडून छापून देतात. भाच्याने त्यांच्या मशीनवर आमचा प्रोग्रॅम घालून दिला होता, सगळा मराठीतून. मला ते कुणीतरी सांगितलं आणि मी स्टूल घेऊन हजर झाले.

"बस बाय," ताई म्हणाल्या, "पन मधी काय विचारू नको. मी चुकते मंग."

विचारायचंच नव्हतं मला. मी बसले आणि बघत राहिले. बाईंचा हात असा चालतो की बघत राहावं. चष्मा नाकावर, नजर मसुद्यावर, पडद्याकडे बघतसुद्धा नाहीत. पण एक गोष्ट मला खटकली. प्रत्येक कागद हातावेगळा करताना त्या थबकायच्या, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायच्या, मानेनेच स्वतःला हो म्हणायच्या. शाईच्या पॅडाशेजारी शंखपुष्पीची बाटली होती आणि वाटीत भिजवलेले बदाम. मला वाटलं नातवंडाची परीक्षा असेल.

दुपारी त्यांनी डबा उघडला, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी सहज विचारलं, "बाटली कुणाची?"

"माझीच." त्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या. "गनपती झालं की टेबल सोडते मी. पोराला सांगितलंय. तो पनवेलला न्यायला बसलाच हाय."

"का? हात तर असा चालतोय."

"हात चालतो गं. डोकं चालत न्हाय." आजूबाजूला कुणी ऐकत नाही हे बघून त्या जरा पुढे झुकल्या. "मना वाटतं मी टाइप केलंय. अगदी डोल्यापुढं दिसतं मना, हे नाव बदललं, ही तारीख बदलली. आनि सांजच्याला कागद काढला का सगली जुनीच चूक. येकदा न्हाय, कितीदा. म्हात्रे वकील बोलले, ताई, तुमी केलं म्हनता, मंग गेलं कुठं? काय सांगू मी त्यांना? आयचं पन असंच सुरू झालं व्हतं. शेवटाला मनाच ओलखत नव्हती. मीच केलं सगलं तिचं, हगनं-मुतनं सगलं. आता माझी पाली."

एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि परत मशीनकडे वळल्या. हे त्यांनी डॉक्टरला सांगितलं नव्हतं, पोरालाही अर्धंच सांगितलं होतं. मला वाटलं, असेलही तसंच. वय झालंय, आईला होतं. आपण कशाला खोटा धीर द्यायचा?

दुपारनंतर म्हात्रे वकिलांचाच एक जाड कागद आला. जमिनीच्या दाव्यातली कैफियत, म्हणजे दावा ज्याच्यावर झालाय त्याचं कोर्टाला दिलेलं उत्तर. लाल खुणांनी नुसता भरलेला. "बदल टाका ताई," म्हणत वकील आत गेले. ताईंनी एकेक खूण घेऊन दुरुस्ती केली. मी पडद्यावर बघत होते, एकही सुटली नाही. माझ्या डोळ्यांदेखत सगळं नीट झालं. मग ताईंनी फाइल बंद करायला कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं.

आमच्या प्रोग्रॅमने नेहमीची चौकट पुढे केली. फाइल जपून न ठेवता बंद करायला गेलं की ती येते. तिच्यात तीन बटणं असत: 'जतन करा', 'बदल टाका' आणि 'रद्द करा'.

ताईंनी चष्मा सारखा केला, "बदल टाका," असं पुटपुटत मानेने हो म्हटलं आणि बाण सरळ मधल्या बटणावर नेला. मधे बोलायचं नाही हा नियम मी कितीतरी शिकाऊ पोरापोरींकडून घोकून घेतलाय. तो धाब्यावर बसवून मी त्यांचं मनगट धरलं.

"अगो! काय झालं?"

"काय दाबताय, ताई?"

"बदल टाकते."

"कुठे टाकताय?"

"कागदात. दुसरं कुठं टाकतात?"

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. मूळ इंग्रजी बटणावर जे लिहिलेलं असतं त्याचा अर्थ 'केलेले बदल टाकून द्या, नकोत ते'. मराठीत त्याचं 'बदल टाका' झालं होतं. आता आपण मीठ टाकतो तेव्हा ते आमटीत जातं आणि केर टाकतो तेव्हा तो उकिरड्यावर जातो. अर्जात तारीख टाका, खात्यात पैसे टाका, पोरीचं नाव शाळेत टाका. आणि नासलेलं दूध टाका, जुन्या चपला टाका. शब्द तोच. घरात बोलताना कुणाचा गोंधळ होत नाही, कारण समोर दूध दिसतं, चपला दिसतात. बटणावर काहीच दिसत नाही. आणि या बाईच्या कानावर तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत वकिलांचं तेच वाक्य, तेच दोन शब्द, बदल टाका. मशीनने तेच विचारल्यावर ती दुसरं कुठलं बटण दाबणार होती?

"मग हे 'जतन करा' का नाही दाबत?" मी विचारलं.

"ते शेवटाला. जतन करायचं म्हंजे कायमचं ठेवून द्यायचं, केस संपली का. आदी बदल नको का टाकायला?"

बरोबरच होतं की त्यांचं. ज्या कागदांची छपाई त्यांनी बदल केल्या केल्या लगेच केली ते ठीक निघायचे. जे बंद करून संध्याकाळवर ठेवले ते जुन्या चुकांसकट परत यायचे. म्हणून तर कधी व्हायचं आणि कधी नाही, आणि कधी होईल ते त्यांना कळायचं नाही.

"ताई," मी म्हटलं, "हे 'टाका' म्हणजे फेका. तुम्ही टाइप करता ते सगळं हे बटण फेकून देतं."

त्यांनी चष्मा काढला. "परत बोल."

मी परत सांगितलं.

"म्हंजे मी टाइप केलं व्हतं?"

"केलं होतं."

"दर येली?"

"दर वेळी. आत्ता मी बघितलं ना, एक खूण सुटली नाही तुमच्याकडून."

मला वाटलं आता या रडतील. मी पाण्याची बाटली शोधायला लागले. पण त्या भडकल्या. "मंग 'फेका' लिव्हायला काय झालं व्हतं तुमाला? लाज वाटत व्हती? अर्धमेली झाली मी! रोज ते बदाम खाते! मना बदाम आवडत न्हाय!" शेजारच्या टेबलावरचा स्टॅम्पवाला उठून बघायला लागला. ताईंनी बदामांची वाटी उचलली आणि त्याच्यापुढे आदळली, "घे, खा तू." मग खुर्चीत बसून पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही.

म्हात्रे वकील बाहेर आले तेव्हा ताईंनी त्यांना हाताला धरून मशीनपुढे बसवलं. "तुमाला बदल टाकायचं असतील तर कंचा बटन दाबाल?" वकिलांनी वाचलं, मधल्या बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "यात चूक काय आहे?" मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "ताई, मी तुम्हाला फार बोललो," एवढं म्हणून ते काळा कोट हातावर घेऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले, ते मात्र मी खाल्ले.

टेबल सुटलं नाही. सुनंदाताई अजून तिथेच बसतात. गोष्ट इथे संपली असती तर मी इतकी दमले नसते.

एक शब्द बदलायचा होता. किती सोपं! मी आमच्या मराठी भाषांतराचं काम बघणाऱ्या निखिलला फोन केला. निखिल नागपूरकडचा, गुणी मुलगा, नोकरी सांभाळून फुकटात हजारो शब्द मराठीत आणलेत त्याने. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मॅडम, मी 'टाकून द्या' असंच लिहिलं होतं. पण बटणात मावत नव्हतं. 'बदल टाकून' एवढंच दिसायचं आणि पुढे तीन टिंबं. मग कुणीतरी ते छाटून बसवलं." कुणी छाटलं ते शोधायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. ज्याने केलं त्याने बटण नीट दिसावं म्हणूनच केलं असणार.

आता नवा शब्द कुठला? मी कागदाच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीवर एकेक पर्याय लिहिला आणि आगरदांड्याच्या जेट्टीवर जाऊन बसले. तिथे दिघीला जायची फेरीबोट येईपर्यंत लोक रिकामे असतात आणि पळून जायला जागा नसते. प्रत्येकाला विचारायचे, तुम्ही काहीतरी लिहिलंय आणि ते नकोय, तर कुठली पट्टी उचलाल? 'फेका' बघून कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली. 'जपू नका' वाचून एक आजी मलाच रागावल्या, "असं वंगाल काय लिव्हतेस गं? का जपू नको?" पांढऱ्या दाढीचे एक चाचा होते, त्यांनी सगळ्या पट्ट्या नीट वाचून परत दिल्या आणि म्हणाले, "बेटा, नको असलेलं लिहायचंच कशाला?" पण विचारता विचारता एक दिसलं. कुठलीही पट्टी हातात असो, अर्थ सांगताना बहुतेक जण तेच म्हणत होते, "म्हणजे ठेवायचं नाही." ठरलं तर. 'बदल ठेवा' आणि 'बदल ठेवू नका'. कुणाच्याही घरातलं मराठी.

आता ते बटणात बसत नव्हतं.

बटणाची रुंदी वाढवायची तर ते भाषांतर राहत नाही. तो प्रोग्रॅमच्या कोडमधला बदल, आणि तो जगातल्या सगळ्या भाषांना लागू होणार. मी प्रस्ताव मांडला. नवीन आवृत्ती बाहेर काढायची जबाबदारी मार्ता नावाच्या बाईंवर होती. शिस्तीच्या, हुशार, माझ्यापेक्षा जास्त दमलेल्या. पडद्यावरच्या बैठकीत त्यांनी विचारलं, "ही तक्रार किती लोकांनी केली आहे?"

"एका बाईने. खरं तर तिनेही केली नाही, मी करतेय."

"एकीसाठी सगळ्यांची बटणं बदलायची?"

माझा आवाज चढला. मी म्हटलं, "ज्याचं लिहिलेलं गेलं त्याला वाटतं आपणच चुकलो. तो तक्रार कुणाविरुद्ध करेल, स्वतःविरुद्ध? ही बाई बदाम खात होती!" बदामांचं त्यांना काही कळलं नाही. एका तरुण सभासदाला माझा सूर खटकला, त्याने प्रकल्पाच्या आचारसंहितेवर बोट ठेवलं, आणि मला लेखी माफी मागावी लागली. मागितली. नियमाने बघितलं तर पोरंच बरोबर असतात. मग मला सांगण्यात आलं की शब्द आणि बटणं या आवृत्तीपुरती गोठवली आहेत, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी बटणांचं काम बघणारा माणूस प्रकल्प सोडून गेला. त्यानंतरच्या वेळी दुसऱ्या कुणीतरी सगळ्या चौकटींचं नवं चित्र मांडलं, त्यावर महिनोन्‌महिने वाद झाला आणि ते बारगळलं.

मी दर बैठकीत तोच मुद्दा घेऊन बसायचे. लोक मला टाळायला लागले, समजत होतं मला. घरी नवरा म्हणायचा, "सोड ना, त्या बाईला तर तू सांगितलंस." हो, तिला सांगितलं. पण तिच्यासारखी दुसरी एखादी कुठे चिपळूणला नाहीतर लातूरला डोकं धरून बसली असेल, तिला कोण सांगणार? आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट चूक ती, जी झालेली माणसाला दिसत नाही आणि दिसली तर स्वतःची वाटते. हे मी किती शिबिरांत बोलले असेन. बोलायला काय जातंय!

शेवटी फिनलंडच्या आणि तमिळ भाषेच्या भाषांतरकारांनी सांगितलं की त्यांचेही शब्द असेच छाटले जातात. मग रुंदीचा बदल झाला. आमच्या 'टाका'मुळे नव्हे, त्यांच्या टिंबांमुळे. मार्ताबाईंनी मला वेगळं पत्र पाठवलं, त्यात एकच ओळ होती: आपल्या मैत्रिणीला कळवा. मला त्या बाईंचा राग धरता आला नाही. त्याच आठवड्यात मी प्रकल्पाला कळवलं की आता माझं पुरे.

नवी आवृत्ती मी स्वतः जाऊन ताईंच्या मशीनवर घातली. त्या तोपर्यंत भाच्याकडून शिकून घेतलेलं 'जतन करा' हेच बटण वापरत होत्या, मधल्याला शिवत नव्हत्या. मी म्हटलं, आता वाचा. त्यांनी एक खोटा अर्ज उघडला, एक नाव बदललं, फुली दाबली. चौकट आली. 'बदल ठेवा', 'बदल ठेवू नका', 'परत जा'. ताईंनी एकेक बटण मोठ्याने वाचलं.

"आता ठीक?" मी विचारलं.

"ठीक हाय."

एवढी वर्षं भांडून मिळवलेलं ते बटण, मला वाटलं निदान हसतील तरी. त्या पडद्याकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आयला आमी चुलीपाशी येऊ द्यायचो न्हाय गं. ती वरडायची, मी केलंय, मी केलंय. आमाला वाटायचं आठवन सुटली हिची. हातातनं कोयती घेतली, विली घेतली. चावीचा जुडगा घेतला. येका जागी बसवून ठेवली तिला."

"ताई, त्यांना खरंच आजार होता. तुम्हीच म्हणालात, शेवटी तुम्हालाही ओळखत नव्हत्या."

"ते शेवटाला. मी सुरवातीचं बोलते."

माझ्याकडे या कामाची इतकी वर्षं होती, आणि त्यातलं एक वाक्य उपयोगाला येईना. ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती. कोर्टाची दुपारची सुट्टी संपली होती आणि लोक आत निघाले होते.

"सुरवातीला तू व्हतीस तिच्या बाजूला, माझ्या बसलीस तशी?" ताईंनी विचारलं.

"नव्हते."

"मी व्हती घरात," त्या म्हणाल्या. "पन बाजूला बसून कधी बघितलं न्हाय."